करीना: जेध्यांचा आणि आमच्या पोरांचा

लहानपणी घरात एक शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा. "करीने से रख." कपाटातले कपडे असोत, दप्तरातल्या वह्या असोत की दस्तरखानावरची ताटे, अम्मीला सगळे करीन्यात लागायचे. करीना म्हणजे नीटनेटकी मांडणी, जिथली वस्तू तिथे. घरी आम्ही दखनी बोलायचो आणि शाळेत मराठी, त्यामुळे हा शब्द फक्त घरचा, असे मी धरून चाललो होतो. पुढे भोरला कॉलेजात असताना इतिहासाच्या पुस्तकात 'जेधे करीना' असे दोन शब्द शेजारी शेजारी वाचले आणि थबकलो. आमच्या स्वयंपाकघरातला शब्द कारीच्या देशमुखांच्या दप्तरात कसा गेला?

शब्द एकच आहे. मूळ अरबी, त्याच्या धातूत 'जोडणे' हा अर्थ आहे. फारसीतून तो उर्दूत गेला आणि मांडणी, सलीका या अर्थाने स्थिरावला. मराठीत आला तो तपशीलवार हकीकत या अर्थाने. एखाद्या घराण्याने कुठल्या राजाची कोणती चाकरी केली, त्याबद्दल काय मिळाले, कोणत्या प्रसंगी कोण कामी आले, हे क्रमाने जोडून लिहिलेला कागद म्हणजे करीना. आजच्या पोरांना हा शब्द सांगितला की त्यांना नटी आठवते आणि ती हसतात. मी त्यांना म्हणतो, हसा, पण तुम्ही खिशात जो बायोडेटा घेऊन फिरता ना, तो तुमचा करीनाच आहे.

हे सगळे पुन्हा डोक्यात यायला कारण झाला माझा भाचा. आयटीआय करून फिटर झाला. शिरवळकडच्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षे ठेक्यावर होता, ठेका संपला तसा घरी बसला. एके संध्याकाळी तो बायोडेटा घेऊन आला. तालुक्याच्या ठिकाणी एका सायबर कॅफेत पन्नास रुपये देऊन करून घेतलेला. तीन पाने. पहिल्या पानावर फुलांची किनार आणि डोक्याशी भला मोठा फोटो. मग वडिलांचे नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जन्मतारीख, उंची, वैवाहिक स्थिती, छंद: क्रिकेट खेळणे व वाचन. दुसऱ्या पानावर पहिलीपासूनच्या शाळा. फिटरचे काम तिसऱ्या पानावर, दीड ओळीत. शेवटी "वरील सर्व माहिती सत्य आहे" अशी प्रतिज्ञा आणि खाली सही.

"अरे, हा लग्नाचा आहे की नोकरीचा?" मी विचारले.

तो ओशाळला. मग जरा थांबून म्हणाला, "मामू, ते सगळं राहू दे. एकच सांगा. वर पूर्ण नाव लिहू, की नुसती आद्याक्षरं लिहून भागेल? दोस्त म्हणतात, नाव वाचूनच बाजूला ठेवतात."

मला पटकन उत्तर देता आले नाही. रविवारी ये, म्हणालो, आपण बसून नवा करू. आणि तोवर मी कपाटातून जेध्यांची पुस्तके काढली.

कारी हे गाव भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या बाजूला. जुन्या भाषेत हा भाग रोहिडखोरे. इथले देशमुख कान्होजी जेधे शिवचरित्रातून सगळ्यांना ठाऊक आहेत. या घराण्याच्या दप्तरात दोन कागद निघाले. एक शकावली आणि एक करीना. शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केली. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांच्या त्या नुसत्या नोंदी आहेत. शक, महिना, तिथी, वार आणि घडले काय, एवढेच. कौतुक नाही, विशेषणे नाहीत. करीन्यात मात्र हकीकत आहे. घराण्यातली भाऊबंदकी आहे, रक्तपात आहे, शहाजीराजांची आणि शिवाजी महाराजांची चाकरी आहे, प्रसंग आहेत, बोलणी आहेत.

हे दोन कागद मी समोर ठेवले आणि हसू आले. आजकाल नोकरीचे सल्ले देणारे सांगतात की रेझ्युमे दोन तऱ्हेचा असतो. एकात कामे तारीखवार लिहायची, दुसऱ्यात आपण काय काय करू शकतो ते कामांच्या आधाराने सांगायचे. आमच्या खोऱ्यात या दोन्ही तऱ्हा साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच घरात होत्या. त्यांना नावेही वेगळी होती.

यातली शकावली किती कोरडी, पण तिचा वचक बघा. तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोपर्यंत बखरींच्या आधाराने १६२७ साल धरले जायचे. पुढे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हाती आले, त्यातही हीच तिथी निघाली. दोन वेगळ्या ठिकाणचे कागद एक बोलले, तेव्हा वादाचे पारडे झुकले. आज महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारीला जी शिवजयंती साजरी करते, तिच्या मुळाशी कारीच्या दप्तरातली एक ओळ आहे. तारीख बरोबर लिहिली की ओळ किती काळ टिकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. भाच्याच्या बायोडेटात मात्र वर्कशॉपची दोन वर्षे "अनुभव: २ वर्षे" एवढीच होती. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काही नाही.

आता करीन्याकडे वळू. करीना वाचताना एक ध्यानात ठेवावे लागते. तो घराण्याच्या बाजूने लिहिलेला आहे. आमचा हक्क का आहे, आमचा मान कशामुळे आहे, हे दाखवण्यासाठी आहे. म्हणून इतिहासकार त्याला इतर कागदांशी ताडून पाहतात. तरीही त्यात काय ठेवले आहे ते पाहण्यासारखे आहे.

कान्होजी आधी आदिलशाहीतले सरदार रणदुल्लाखान यांच्या पदरी होते. शहाजीराजांनी त्यांना खानाकडून मागून घेतले. १६४८ साली जिंजीच्या मोहिमेत शहाजीराजे कैद झाले, त्यांच्याबरोबर कान्होजीही कैदेत पडले. पुढच्या वर्षी सुटका झाली आणि शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवाजी महाराजांकडे पाठवले. कैद ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. आजचा पोरगा असता तर त्याने ती जागा कोरी सोडली असती, किंवा तारखा मागेपुढे करून बुजवली असती. करीन्यात ती लपवलेली नाही. उलट तीच निष्ठेची खूण म्हणून आली आहे: धनी अडचणीत होता, तेव्हा आम्हीही त्याच्याबरोबर होतो.

मग १६५९. अफजलखान निघाला. १६ जून १६५९ चे आदिलशहाचे फारसी फर्मान कान्होजींच्या नावाने आले की खानाच्या हुकुमाखाली हजर व्हा. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी ते फर्मान आणि आपले पाच मुलगे घेऊन महाराजांकडे गेले. करीना सांगतो की महाराजांनी त्यांना सरळ विचारले, तुम्ही गेला नाहीत तर वतन जाईल, जीवावरही येईल, मग काय करता? कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. आधी शपथ, मग वतन, असा त्याचा अर्थ.

याच प्रसंगाभोवती सगळा करीना उभा आहे. घराण्याने शंभर गोष्टी केल्या असतील. शेती केली, तंटे मिटवले, महसूल गोळा केला. त्या सगळ्या लिहीत बसले नाहीत. वाचणारा छत्रपतींच्या गादीचा माणूस आहे, त्याला काय हवे? निष्ठा हवी. मग निष्ठेचे प्रसंग पुढे. यात खोटे काही नाही, पण निवड आहे. वाचणाऱ्याच्या गरजेवर कागद बेतला आहे.

तशीच निवड फार दूर, इटलीत, एका तिशीतल्या माणसाने केली होती. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिले. जग त्याला चित्रकार म्हणून ओळखते. पण पत्रात त्याने एकामागून एक कलमे घातली ती हलक्या पुलांची, वेढ्याच्या यंत्रांची, तोफांची, भुयारांची, झाकलेल्या लढाऊ गाड्यांची. शांततेच्या काळात इमारती बांधीन, मूर्ती घडवीन, चित्रेही काढीन, हे शेवटी. लुदोविकोला युद्धाची चिंता होती. त्याला चित्रकार नको होता असे नाही, पण आधी अभियंता हवा होता. लिओनार्दोला ते कळले होते. पुष्कळ लोक त्या पत्राला जगातला पहिला बायोडेटा म्हणतात. तो पहिला असेल की नाही यावर मी वाद घालणार नाही. आपल्याकडेही कागद नीट लिहिण्याची विद्या त्याच सुमाराला पिकलेली होती, एवढेच सांगतो.

बहमनी राज्याचे वजीर महमूद गावान यांनी पत्रलेखनावर 'मनाझिर-उल-इन्शा' नावाचा ग्रंथ लिहिला. कोणाला कसे संबोधावे, मजकूर कसा बांधावा, याची ही विद्या. तिला इन्शा म्हणत. बिदरचा प्रसिद्ध मदरसा बांधणारे ते हेच. आणि त्यांचा शेवट कसा झाला? शत्रूंनी त्यांच्या मोहरेचा कोरा कागद मिळवला, त्यावर फितुरीचे पत्र लिहिले आणि सुलतानापुढे ठेवले. १४८१ साली त्यांचा वध झाला. पत्र कसे लिहावे हे दख्खनला शिकवणारा माणूस दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रापायी गेला. आमची पोरे सायबर कॅफेत न वाचता "वरील सर्व माहिती सत्य आहे" या ओळीखाली सही करतात, तेव्हा मला गावान आठवतात.

मराठी कागदालाही असाच करीना होता. मोडी पत्राच्या डोक्यावर श्री, मग मायना. मायना म्हणजे समोरच्याला उद्देशून लिहायची पदवी. ब्राह्मणाला वेदमूर्ती, देशमुखाला मशहुरुल अनाम, बरोबरीच्याला राजश्री. चुकीचा मायना म्हणजे अपमान. तारखेपुढे 'छ' हे अक्षर आणि मोहरम, सफर, रबिलावल असे महिने. सालही पुष्कळदा अरबी शब्दांत, शुहूर सनाचे. मराठ्यांचे राज्य, मोडी लिपी, मराठी मजकूर आणि महिने आमच्या घरातल्या दिनदर्शिकेतले. दोन कागद चिकटवून लांब बंद केला तर सांध्यावर मागून शिक्का, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. मजकूर संपला तिथेच मोर्तब, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू नये.

आणि या सगळ्याची राखण ज्या पदाकडे होती, ते पद पुढे आमच्या भोरला आले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यात सचिवाचे काम सांगितले आहे: राजपत्रे तपासावीत, कमीजास्त मजकूर असेल तो शुद्ध करावा, मग चिन्ह करावे. तेव्हा सचिव होते अण्णाजी दत्तो. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या वंशजांकडे भोर संस्थान राहिले, ते ८ मार्च १९४८ ला विलीन होईपर्यंत. आम्ही भोरची माणसे राजवाडा दाखवतो, सिनेमाची शूटिंगे सांगतो. पण आपले गाव मूळ कागद तपासणाऱ्याचे गाव आहे, हे कोणी सांगत नाही.

आता भाच्याच्या खऱ्या प्रश्नाकडे यायला हवे. नावाचे काय?

यासाठी भोरहून वेल्ह्याकडे जावे लागेल. वेल्हे तालुका म्हणजे तोरणा आणि राजगडाचा मुलूख, आता सरकारने त्याला राजगडचेच नाव दिले आहे. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याचे मुख्य ठाणे राजगडावर होते. त्या काळातली एक हकीकत ग्रांट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात दिली आहे. विजापूरच्या चाकरीतून सुटलेले सातशे पठाण शिवाजी महाराजांकडे नोकरी मागायला आले. महाराजांना आधी शंका होती, घ्यावे की न घ्यावे. गोमाजी नाईक या वयस्क, अनुभवी माणसाने सल्ला दिला की घ्यावे, राज्य वाढवायचे तर सर्व जातीच्या माणसांना जवळ करावे लागते. महाराजांनी त्यांना ठेवून घेतले आणि राघो बल्लाळांच्या हाताखाली दिले.

या हकीकतीत मला दोन गोष्टी दिसतात. शंका तेव्हाही होती. ती नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शंकेवर इलाज होता, तो म्हणजे तपासणीची रीत. डफच सांगतो की नवा माणूस ठेवताना महाराज स्वतः त्याला पाहत आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कुणाचा तरी जामीन घेत. नवा माणूस कोण, कुठला, यापेक्षा त्याच्यासाठी कोण उभा राहतो आणि तो काय करू शकतो, याला महत्त्व. पायदळाचे सरनोबत नूर बेग, आरमारातले दौलतखान, फारसी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर ही माणसे अशाच रीतीने कामावर होती. त्यांच्या नावांची यादी सभेत वाचून टाळ्या घेण्याचा मला आता कंटाळा आला आहे. पण यादीमागची रीत विसरता येत नाही.

मग ही रीत बिघडली कुठे? एक जागा तर समोरच दिसते. महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. नंतरच्या धामधुमीत वतने आणि सरंजाम वाटले गेले, पदे वंशपरंपरेने चालू लागली. बाप सचिव म्हणून मुलगा सचिव. अशा वेळी कागदावर काय लिहायचे? पराक्रम नव्हे, वंशावळ. पुढे इंग्रज आले. त्यांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि गावोगाव लोक जुन्या सनदा शोधत फिरले. कागद नाही तर इनाम नाही. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाचा कोण, हे कागदाच्या डोक्यावर बसले. आमच्या पोरांच्या बायोडेटात वडिलांचे नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात पहिल्या पाच ओळींत येतात आणि काम तिसऱ्या पानावर जाते. ही सवय सायबर कॅफेवाल्याची नाही, फार जुनी आहे.

वाचणाऱ्याची सवयही तितकीच जुनी आहे. अमरावतीकडून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावात. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. सांख्यिकीच्या हिशेबाने उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची संधी दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश.

म्हणजे भाच्याचे दोस्त वेडे नाहीत. त्याला "तुझा भ्रम आहे" असे म्हणणे माझ्याकडून खोटे झाले असते. आणि "नाव लपव" म्हणणेही मला जमत नव्हते.

रविवारी तो आला. आम्ही जमिनीवर कागद पसरून बसलो. मी म्हणालो, आधी तुझी शकावली करू. कोऱ्या कागदावर महिना आणि साल घालून सगळे लिही. आयटीआय कधी, ॲप्रेंटिसशिप कधी, वर्कशॉप कधी लागले, कधी सुटले. मध्ये सात महिने रिकामे होते, तेव्हा त्याचे अब्बा आजारी होते आणि तो दुकान सांभाळत होता. तो म्हणाला, हे नको लिहायला. मी कान्होजींची कैद सांगितली. शेवटी एक ओळ ठेवली: या काळात कौटुंबिक दुकानाचा हिशेब व खरेदी पाहिली. लपवायचे त्यात काय होते?

मग करीना. मी त्याला विचारले, वर्कशॉपमध्ये सकाळी गेल्यावर पहिले काम काय करायचास? तिथून तो बोलायला लागला आणि थांबेना. ड्रॉइंग वाचणे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने माप घेणे, बेअरिंग बदलणे, लेथवरची छोटी कामे, पंपाची देखभाल, शिफ्टचे रजिस्टर. यातले एकही त्या तीन पानांत नव्हते. उलट तिथे "सीएनसी प्रोग्रामिंग" होते, जे त्याने कधी केलेले नाही. कॅफेवाल्याने दुसऱ्या कुणाच्या बायोडेटातून उचलले होते. ते आम्ही सगळ्यात आधी खोडले. मुलाखतीत कोणी मशीनपुढे उभे केले असते तर?

त्यानंतर त्याने फोनवर तीन जाहिराती काढल्या. एकीत देखभाल दुरुस्तीचा फिटर हवा होता, एकीत असेंब्लीचा, एकीत गुणवत्ता तपासणीला मदतनीस. माहिती एकच, कागद तीन केले. पहिल्यात पंप आणि बेअरिंग वर, दुसऱ्यात ड्रॉइंग आणि जुळणी वर, तिसऱ्यात मापे आणि रजिस्टर वर. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच आपणही वापरायचा, कारण आता पुष्कळ ठिकाणी माणसाच्या आधी संगणक अर्ज चाळतो आणि तो शब्दच शोधतो. फुलांची किनार, चौकटी, दोन रकाने काढून टाकले, कारण त्यात संगणक गोंधळतो. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती चिन्हे दिसायची. तो युनिकोडमध्ये पुन्हा टंकला. तीन पानांचे एक पान झाले.

उंची, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय गेले. जाहिरातीत मागितले नसेल तर फोटोही नको. त्याने विचारले, जातीचा दाखला? आमची जात ओबीसीत येते. मी म्हटले, सरकारी भरतीत ती जागा भरायची असेल तर दाखल्याशिवाय अर्जच अपुरा, तिथे पहिल्यांदा तो जोडायचा. खासगी कंपनीच्या फिटरच्या जागेला त्याचा काय संबंध? तोच तपशील एका ठिकाणी हक्क असतो आणि दुसऱ्या ठिकाणी फालतू. वाचणारा कोण, हे पाहून ठरवायचे.

मग वरची ओळ उरली. आमच्या नावांचा आणखी एक घोळ असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेख आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर शेख शेवटी. बँकेत स्पेलिंग तिसरेच. ऑनलाइन फॉर्म पहिले नाव आणि आडनाव विचारतो, पोरे कुठेही काहीही भरतात आणि कागद पडताळताना एकाच माणसाचे तीन होतात. शंका घेणाऱ्याला आपणच आयते निमित्त देतो. म्हणून ठरवले, दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे त्याच अक्षरांत, सगळीकडे तेच.

"म्हणजे पूर्ण?" त्याने विचारले.

मी त्याला थोरातांचे आकडे सांगितले होतेच, काही झाकले नाही. म्हणालो, बाळा, कामे पुढेमागे कर, नको ती गाळ, तो तुझा अधिकार आहे. पण आद्याक्षरे लिहिलीस तरी मुलाखतीला गेल्यावर दारातच नाव विचारतील. तेव्हा तुझ्या आवाजात चोरी असेल, आणि तुझे सगळे काम त्या चोरीखाली दबेल. नाव वाचून जो बाजूला ठेवतो, त्याचा दोष त्याचा आहे, तो तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या हातात एवढेच आहे की नाव वाचून जो पुढची ओळ वाचेल, त्याला त्या ओळीत पक्के काहीतरी सापडावे.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि जामीन?"

त्याने ऐकले होते तर. जुन्या वर्कशॉपच्या सुपरवायझरला त्याने माझ्यासमोरच फोन लावला, तुमचे नाव आणि नंबर दिला तर चालेल का म्हणून विचारले. पलीकडचा माणूस म्हणाला, दे की, त्यात काय विचारायचे. तो माणूस मुसलमान नाही. मावळातला आहे, त्याच्याही घरात कुठेतरी जुने मोडी कागद असतील.

तीन अर्ज गेले. एका ठिकाणाहून बोलावणे आले आहे, दोन ठिकाणी अजून शांतता आहे. हे लिहितोय तोवर मुलाखत व्हायची आहे, त्यामुळे नोकरी लागली असे सांगून मी तुम्हाला खूश करू शकत नाही.

मात्र त्या रविवारी जाताना त्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, मार्कशीटच्या झेरॉक्स क्रमाने लावल्या, दहावी, आयटीआय, अनुभवाचा दाखला, आणि वरून हात फिरवून कडा सारख्या केल्या. अम्मी दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळे करीन्यात होते.